फाटकाला बांधलेला जिमी

शालन मगदूमचा राग सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. ओसरीवर तिचं शिवणयंत्र असायचं. ते मध्येच थांबलं की शालन कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहणार, हे ठरलेलं. कुणी बैलाची शेपटी पिळली, कुणी मांजरीची पिल्लं पोत्यात घालून नेली, की ही पदर खोचून रस्त्यावर. नवरा अजितकुमार हळदीच्या पेठेत दिवाणजी होता. "जगाची उठाठेव तुला कशाला?" एवढं बोलून तो पेपर उघडायचा.

समोरच्या बंगल्यात लालासाहेब जगदाळे नावाचे सरकारी अधिकारी भाड्यानं राहत. त्यांनी आपल्या मुलीला, अंजनाला, दहाव्या वाढदिवशी अल्सेशियनचं पिल्लू आणून दिलं. त्याचं नाव जिमी. सुरुवातीला सगळी गल्ली त्याला बघायला लोटली. अंजना त्याला फ्रॉकात गुंडाळून मिरवायची. मग पिल्लू वाढलं, चपला फाडायला लागलं, आणि त्याच्या गळ्यात हातभर साखळी आली. फाटकापाशी, भर उन्हात.

"आवं वहिनी, सावलीत तरी बांधा. जीव हाय त्यो," शालन सांगून आली.

"राखणीला आणलाय, लाडाला नाही," जगदाळेवहिनी म्हणाल्या.

पंच्याहत्तर सालच्या मे महिन्यात साहेबांची साताऱ्याला बदली झाली. शालन तेव्हा भावाच्या लग्नासाठी माहेरी, कवठे महांकाळला गेली होती. परत आली तर समोरचा बंगला बंद, दाराला कुलूप, आणि फाटकाला जिमी. सामानाचा ट्रक भरला, कपाटं गेली, कुंड्यासुद्धा गेल्या. कुत्रा तेवढा राहिला. नवे येणारे साहेब ठेवून घेतील, असं सांगून ते निघून गेले होते. नवे साहेब आलेच नव्हते.

ओढून ओढून पट्टा गळ्यात रुतला होता. माश्या घोंगावत होत्या. आणि गल्लीतली पोरं लांब उभी राहून खडे मारत होती, तो भुंकतो का बघायला. शेजारच्या व्यापाऱ्याचा जवाहर सगळ्यांत पुढं.

शालननं पिशवी रस्त्यातच टाकली आणि त्याचं मनगट धरलं.

"टाक तो खडा! घरातनं पाणी आण. तांब्या न्हाई, बादली!"

पोरगा पळाला. ती ओसरीवर उभ्या असलेल्या नवऱ्याकडं वळली.

"दोन दिवस तुमच्या डोळ्यांसमोर हाय हे?"

"मी भाकरी टाकत होतो की," अजितकुमार पुटपुटला. "चावला असता तर?"

भाकरीचे वाळलेले तुकडे फाटकाच्या आत पडलेले होते. साखळी तिथवर पोचत नव्हती. ते बघितल्यावर शालन जी गप्प झाली, ती नवऱ्याशी पुढं कितीतरी दिवस बोलली नाही. ताट वाढायची, तेही त्याच्याकडं न बघता.

तिनं शिवणाच्या कात्रीनं पट्टा कापला. खडे मारणाऱ्या एकेका पोराला कामाला लावलं. कुणी जखम धुवायची, कुणी हळद-तेल लावायचं, कुणी माश्या वारायच्या. जवाहरला घाण उचलायला लावली. त्याचा बाप तणतणत आला, "आमच्या पोराला हे काम सांगताय?"

"खडे मारतानं तुमचाच होता न्हवं? मग आता बी तुमचाच हाय!"

जिमी चालायला लागल्यावर ती म्हणाली, "ज्यांचा हाय, त्यांच्या दारात नेऊन उभा करते." पेठेतून हळदीची पोती घेऊन साताऱ्याकडं निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर, माणदेशातला केरबा, ओळखीचा होता.

"कुत्रं घेऊन? वैनी, मालक मला खाऊन टाकंल."

"मालकाला माझ्याकडं धाड."

केरबानं निमूटपणे दार उघडलं. जिमी मागं पोत्यांवर बसला. साताऱ्यात उतरला तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंत पिवळाधमक झाला होता. पत्ता विचारत विचारत शालन सदरबझारातल्या बंगल्यात शिरली.

अंजना व्हरांड्यातच होती. तिला बघताच जिमीनं शालनच्या हातातली दोरी हिसकली आणि पोरीच्या पायांशी लोळण घेतली. शेपटी नुसती फरशीवर आपटत होती. शालनला त्या कुत्र्याचाच संताप आला. एवढं सोसून तुला राग कसा येत नाही रे!

"जिमी! बाबा, तुम्ही तर म्हणालात तो आपल्या शेतावर आहे!"

लालासाहेब बाहेर आले आणि जागीच थांबले. शालननं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"शेतावर न्हवता. फाटकाला होता. त्याच्या गळ्याला हात लाव."

पोरीनं हात लावला. केस उडालेली ती गुलाबी खाच बोटांना लागली तशी ती हुंदके द्यायला लागली. शालनला तिची दया आली नाही. तेव्हा तरी नाही.

"वाढदिवसाला मागितलास तू. पाणी कोण पाजायचं त्याला?"

"गडी..."

"तू किती येळा पाजलंस?"

अंजना फ्रॉकाच्या टोकानं जिमीच्या अंगावरची हळद पुसायला लागली.

"झालं ते झालं," लालासाहेब म्हणाले. "आणलाच आहात तर राहू दे." आणि आत वळून गड्याला हाक मारली, "साखळी आण रे, मागं बांध याला."

साखळी हा शब्द ऐकला मात्र, शालननं दोरी उचलली.

"न्हाई. ठेवायला आले होते, आता ठेवत न्हाई. तुमाला कुत्रं नको, दाराला कुलूप पायजे, साहेब."

अंजना फाटकापर्यंत पळत आली. "काकी, मी सांगलीला भेटायला येऊ?"

"भेटायला येऊ नकोस. काम करायला ये."

ती कधी आली नाही. बापानं आणलं असतं तर आली असती, असं पुढं शालन म्हणायची, आणि तो रागही मग लालासाहेबांवरच काढायची.

जिमी मगदूमांच्या ओसरीवर राहिला, मोकळा. गल्लीत कुणाला कुत्रं पाळायची हुक्की आली की शालन आधी त्याला जिमीच्या कामाला जुंपायची. सकाळी फिरवणं, गोचिड्या काढणं, भांडं घासणं, पावसापाण्यातसुद्धा. जवाहरनंही पिल्लाचा हट्ट धरला होता. श्रावण संपता संपता तो ओसरीवर येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"काकी, मला नको पिल्लू. रोज रोज न्हाई जमणार मला."

पोरानं मार खायची तयारी केली होती. शालननं त्याला जवळ बसवलं आणि आतून पोह्याची ताटली आणून त्याच्या हातात दिली.

"तुझ्या वयात तुला कळलं," ती म्हणाली. "त्या मोठ्या साहेबाला न्हाई कळलं."