चिंपांझी बघून अबोला सुटला

मंडळी, आज दुपारी आमच्या निंबर्ग्याच्या घरात मजाच झाली.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या पूजेला, शेतात नेलेली मिसळ भाज्यांची भज्जी खारट झाली. ती कुणामुळं, यावरून माझी आई आणि मोठी काकू तेव्हापासून बोलत नव्हत्या. एकाच ओसरीवर पाठमोऱ्या बसायच्या.

जेवणं झाल्यावर मी मोबाईलवर चिंपांझींचा व्हिडिओ लावला. दोन चिंपांझी कडाडून भांडले. थोड्या वेळानं एकानं हात पुढं केला, तर दुसरा त्याच्या अंगावरचे केस निवडून साफ करायला लागला. भांडण मिटवायची त्यांची हीच रीत, असं व्हिडिओत सांगत होते.

आवाज ऐकून दोघी माझ्या मागं येऊन उभ्या होत्या.

काकू हसली. "बघ की, माकडाला कळायलंय, आपल्याला न्हाई. बस इथं, डोक्याला तेल लावते."

"कामून? मला काय उवा झाल्यात?" आई फणकारली. पण बसली!

तेल चोळता चोळता आईचे डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "अक्का, मीठ मीच दोनदा घातलं होतं."

"व्हय, मला ठाव होतं," काकू म्हणाली, आणि दोघी खो-खो हसल्या.

एकत्र राहायचं तर भांडणार सगळेच. तुमच्या घरी आधी कोण बोलतं?