डोळा तिचा फुटला

आज दुपारी वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन हातात पारदर्शक ग्लास घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "बघा, माझा डोळा फुटला."

आमच्या डहाणूत चिकूच्या कलमांमुळे सगळेच कोंबाला डोळा म्हणतात, त्यामुळे मी घाबरले नाही. जळले मात्र. अंजिराची फांदी कैनाड गावाहून मी आणली. तिच्या काड्या दोघींत मी वाटल्या. घरात रोपं वाढवायच्या दिव्याखाली, ग्रो लाइटखाली, मुळं कशी आणायची तेही त्यांना मीच शिकवलं. आणि हिरवी पानं त्यांच्या ग्लासातल्या काडीला. माझी काडी अजून काडीच.

"तुमचा फुटला?"

"नाही अजून."

"फुटेल, फुटेल. मी तर हिला आत्ताच गच्चीवर मोठ्या कुंडीत लावते."

मी ग्लासमधून पाहिलं. मूळ एकही नव्हतं. पानं काडीतल्या साठ्यावरच आली होती. गच्चीच्या उन्हात ती माना टाकणार, हे मला दिसत होतं. तरी त्या जिना चढेपर्यंत मी गप्प राहिले.

मग हाक मारली. "हंसाबेन, मुळं आलेली नाहीत. उन्हात नेऊ नका."

वरून हसू ऐकू आलं. "जळता ना, सुनीताबेन?"

"हो," मी म्हटलं. "पण मुळं खरंच नाहीत."

गच्चीचं दार उघडल्याचा आवाज आला.

ती पानं टिकावीत असं मला अजूनही वाटत नाही, हे तुम्हाला सांगून टाकते. पण तुम्ही त्या जिन्यात असता, तर माझं ऐकलं असतंत का?