तिसऱ्या पानावरची ओळ

बायको गेल्यावर सहा महिने मी दर मंगळवारी गुडघा शेकून घ्यायला रत्नागिरीला जात होतो. वाडीत तसंच सांगितलेलं. गुडघा माझा ठणठणीत आहे. चाळीस वर्षं बांधकामाला जांभ्याचा चिरा उचलला, अजून उकिडवा बसतो. मी जात होतो बोलायला.

झोप लागेना, जेवण जाईना, म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्यानं गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, दवाखान्यात मागच्या बाजूला एक बाई बसतात, त्यांच्याशी बोला. मला राग आला. बोलायला दवाखाना कशाला लागतो? पण घरात होतं कोण? मुलगा मुंबईला, मुलगी लांज्याला दिलेली. भिंतीशी बोललो असतो, तर ती पण मीच बांधलेली.

आमच्यात माणूस गेलं की पुण्यानुमोदनाला लोक उठून त्याच्याबद्दल चार शब्द बोलतात. तिच्या वेळी मंडळाचे लोक बोलले, शाळेच्या बाई बोलल्या, माझा मेव्हणा रडत रडत बोलला. शेवटी म्हणाले, आता घरच्या मालकांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो, हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं दुःखानं तोंड उघडत नाही. तोंड उघडलं असतं तर एकच गोष्ट बाहेर आली असती, म्हणून मिटून घेतलं.

ती गोष्ट अशी. आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला एका आंब्याच्या बागेला गडगा घालायचं काम मी धरलेलं. गडगा म्हणजे चिऱ्यांची कुंपणाची भिंत. त्या सकाळी ती चुलीजवळ बसून म्हणाली, "आज काय खरा वाटत नाय वो. छाती भरून येते."

मी म्हणालो, ओवा चाव, रात्री वाटाण्याची उसळ खाल्लीस त्याचं असेल. शेवटचा थर राहिलाय, दुपारी येतो, मग बघू. दुपारी आलो नाही. थर पुरा केला, ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघितली, थापी धुतली, मग घरी आलो. चार वाजलेले. ती भिंतीला टेकून बसलेली, अंगावर घाम. मग रिक्षा, मग दवाखाना. तिसऱ्या दिवशी गेली. मुलांना मी सांगितलं, दुपारी एकाएकी झालं.

हे मी त्या बाईंना सांगितलं. बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिले दोन मंगळवार मी चिऱ्याबद्दलच बोललो, खाणीतला चांगला चिरा कसा ओळखायचा ते. त्यांनी ते पण ऐकून घेतलं. तिसऱ्या मंगळवारी सगळं बाहेर आलं. त्या 'तुमची चूक नाही आजोबा' असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी उठून गेलो असतो. त्या ऐकत होत्या आणि मधूनमधून लिहीत होत्या. लिहितात ते मला बरं वाटायचं. कोणीतरी माझं बोलणं कामाचं धरतंय असं वाटायचं.

सहा महिन्यांनी म्हणाल्या, आता तुम्ही जेवता, झोपता, कामावर जाता. गरज वाटली तर या, नाहीतर नाही आलात तरी चालेल. मी त्यांना परड्यातल्या फणसाचे गरे दिले आणि परत आलो.

महिन्याभरात आमच्याच वाडीतली एक सून त्या दवाखान्यात झाडलोट करायला लागली. हे कानावर आलं आणि माझा घास परत अडकायला लागला. बाईंच्या खोलीत कपाट आहे, कपाटात फाइल आहे, फाइलीत माझी गोष्ट आहे. ती सून बारावी झालेली. तिनं वाचलं तर वाडीला कळायला एक दिवस, आणि वाडीतून लांज्याला जायला एक एसटी. माझ्या मुलीला हे असं कळायला नको होतं. मी ठरवलं, आपले कागद आपल्या घरी आणायचे आणि चुलीत घालायचे.

कागद आणायचा म्हणजे अर्ज करायचा, एवढं मला ठाऊक. कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारा एक म्हातारा आहे, माझ्याच वयाचा. माझ्या सामायिक जमिनीचे सगळे अर्ज त्यानंच लिहिले. त्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, एक आंब्याचं झाड तोडायचं तर सतरा सह्या. त्यानं विचारलं, काय हवंय? म्हटलं, दवाखान्यातल्या कागदांची नक्कल. कोणाबद्दलचे कागद? म्हटलं, बायकोबद्दलचे.

"बाई हयात आहेत?"

"नाहीत."

"मग वारस किती?"

मी म्हणालो, मी, एक मुलगा, एक मुलगी. तो म्हणाला, तिघांच्या सह्या लागतील, मृत्यूचा दाखला लागेल. मला ते बरोबर वाटलं. आत सगळं तिच्याबद्दलच होतं ना. मी काही खोटं सांगितलं नव्हतं.

अर्ज खिशात घालून मी दवाखान्यात गेलो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण कचेरीची सवय अशी, की सगळे कागद पुरे झाल्याशिवाय खिडकीवर जायचं नाही. मुलाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "बाबा, कसल्या सह्या? जमीन विकताय काय?" म्हटलं, तुझ्या आईचे दवाखान्यातले कागद आहेत. तो म्हणाला, ताईनं सही केली तर मी करतो. एवढा विश्वास.

म्हणून लांज्याला गेलो. मुलगी काजूच्या कारखान्यात कामाला आहे, काजूच्या चिकानं तिची बोटं काळी झालेली असतात. तिनं हात पुसले, अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं. आईचे कागद तर घरीच आहेत, हे आणखी कसले, म्हणाली. मी म्हणालो, आहेत, सही कर. तिनं केली. अर्ज परत देताना म्हणाली, "कागद मिळाले की आधी मला दाखवायचे. सही आहे माझी."

एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसलो ते. जिच्यापासून लपवायचं तिच्याचकडून सही घेऊन आलेलो.

मुलानं सही करून फोटो पाठवला, तो छापून घेतला. सगळी चळत घेऊन खिडकीवर गेलो. कारकून पोरगेलासा पण बोलायला सरळ. त्यानं एकेक कागद बघितला, मृत्यूचा दाखला बघितला, मग विचारलं की या बाई इथं कधी यायच्या? म्हटलं, ती नाही यायची, मी यायचो.

"मग फाइल तुमच्या नावाची आहे, आजोबा. तुमची एकट्याची सही आणि आधार कार्ड. बाकीचं घरी न्या."

मी तिथंच बाकावर बसलो. ती सून झाडू घेऊन समोरून गेली. थांबली, म्हणाली, "गुडघा कसा आहे, आजोबा?" तोंडावर हसू नाही, काही नाही. बरा आहे म्हटलं. बरा राहू दे, म्हणाली आणि पुढं गेली. इथं कामाला लागल्यापासून तिला ठाऊक असणार मी कुठल्या खोलीत बसायचो ते. तरी वाडीत कोणाला कळलेलं नव्हतं.

माझी एकट्याची सही आणि आधार कार्ड खिडकीवर दिलं, आणि आठ दिवसांनी बाईंनी बोलावलं. त्यांनी कपाटाला कुलूप लावलेलं दाखवलं, किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. मग म्हणाल्या, तुम्हाला झेरॉक्स मिळेल, मूळ फाइल इथंच राहणार, तसा नियम आहे. म्हणजे चुलीत घालून काही उपयोग नव्हता. मला हसू आलं. सातबाऱ्याची नक्कल घरी आणली म्हणून तलाठ्याचं दप्तर रिकामं होतं का? एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, घरी नेण्याआधी एकदा इथं वाचून दाखवते. मी चौथी शिकलेला. एसटीची पाटी वाचतो, पण भराभर लिहिलेलं हस्ताक्षर मला लागत नाही. त्यांनी वाचायला घेतलं. पहिली दोन पानं झोप, भूक, काम. एवढ्या मंगळवारांचं माझं बोलणं, आणि त्याच्या ओळी इतक्या थोड्या. तिसऱ्या पानावर शिक्क्याच्या वर त्यांनी बोट ठेवलं आणि वाचलं: "पत्नीस रुग्णालयात नेण्यास काम पुरे होईपर्यंत उशीर केला, असे सांगतात. मुलांना सांगितलेले नाही."

मी म्हटलं, बास. पुढचं नको. ओळ कुठं आहे तेवढं बघून ठेवलं.

रविवारी मुलगी आली. मी कागद तिच्या हातात दिले. दिले नसते तरी चाललं असतं, हरवले म्हणून सांगता आलं असतं. पण तिची सही होती, आणि सही घेऊन कागद दाखवायचा नाही हे मी जमिनीच्या बाबतीत चुलतभावाला कधी माफ केलेलं नाही.

ती पडवीत बसून मोठ्यानं वाचत होती. हे कागद तुमचे आहेत, बाबा, असं एकदा म्हणाली आणि वाचत राहिली. तिसरं पान आलं. ती वाचत खाली आली, शिक्क्याजवळ थांबली आणि पान उलटलं.

"तिथं एक ओळ राहिली," मी म्हटलं.

"आहे."

"वाच."

तिनं वाचली. सगळी, शेवटच्या शब्दापर्यंत. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाली, "मला माहीत होतं. आईनं अकरा वाजता फोन केलेला. मी म्हटलं, बाबांना बोलावून घे. म्हणाली, थर पुरा झाल्याबिगर ते हलायचे नाहीत, उगाच कशाला. मी पण जास्त बोलले नाही. कारखान्यात होते."

ती म्हणाली, "राग आहे मला. अजून आहे. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होते. सांगितलं ते परक्या बाईला."

म्हटलं, ती परकी होती म्हणून सांगता आलं.

मुलीनं कागद उचलला आणि पुढची ओळ वाचली, जी मी दवाखान्यात वाचू दिली नव्हती. "रिक्षात पत्नीने विचारले, गडगा झाला का. हो म्हटल्यावर, 'सरळ आलाय ना?' असे म्हणाली."

हे मी सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. ती असं म्हणाली हेसुद्धा आठवत नव्हतं. त्या रिक्षातलं फक्त तिचं गार पडलेलं मनगट माझ्याकडे उरलेलं. वाचल्यावर मात्र तिचा आवाज जसाच्या तसा कानात आला, दम लागलेला, तरी चौकशी करणारा. मुलगी रडत होती आणि मधेच हसत पण होती. आईच ती, म्हणाली.

कागद तिनं सातबाऱ्याच्या ट्रंकेत ठेवले. मी जाळायचं म्हटलं तर म्हणाली, आईचं बोलणं आहे त्यात, हात लावायचा नाही.

पुढच्या महिन्यात वर्षाचा कार्यक्रम आहे. मंडळाचे लोक परत म्हणतील, मालकांनी दोन शब्द बोलावेत. या वेळी उभा राहीन. पण त्याच्या आदल्या दिवशी मुलगा मुंबईहून येतोय. अर्जावर त्याची पण सही आहे. त्याला ट्रंक उघडून तिसरं पान काढून द्यायचं आहे. वाचता येतं त्याला. मी समोर बसणार आहे.