बोंबलांच्या टेम्पोतून तपासणी

"कंपनीला फोन लावा, गाडी पाठवतील," साहेब म्हणाले.

मी प्रदूषण तपासणारा फील्ड ऑफिसर. डहाणूपासून तलासरीच्या पार टोकापर्यंतचे नाले, खाड्या, चिमण्या माझ्याकडे. आणि ऑफिसची जीप? तिच्या बॉनेटखाली मुंगसाच्या तीन पिढ्या नांदल्या. कंपन्या परवान्याची फी भरतात, ती मुख्यालयात मुदत ठेवीत घोरत पडते. आम्ही टायर मागितले की उत्तर येतं, 'तरतूद नाही'. म्हणून रिवाज असा: जिची तपासणी, तिचीच गाडी. चोरानंच पोलिसाला न्यायला रिक्षा पाठवायची! ती गाडी आमच्या दारात येईस्तोवर तिकडे नाल्याला असं पाणी सुटतं की तीर्थ म्हणून वाटावं.

त्या दिवशी माझ्या टेबलासमोर चिंचणीची कमलमावशी उभी. मासळी विकणारी. टोपलीत खाडीतले मेलेले बोईट.

"दरवेळी येता, दरवेळी पाणी चांगलं निघतं. मग हे मासे काय लाजेनं मेले?"

मला तोंड वर करवेना. "मावशी, तुमचा टेम्पो कुठाय?"

"खाली. बसा लवकर, बर्फ वितळतोय."

बर्फ! नमुना, म्हणजे बाटलीत भरलेलं नाल्याचं पाणी, लॅबपर्यंत गार ठेवावा लागतो. नाहीतर रिपोर्ट बाद. आमचा आइसबॉक्स फुटून जमाना झालेला.

गेटवर वॉचमननं नाक दाबलं. "मासे नको, मासे नको!" आम्हाला तरी आत कुठे जायचं होतं? नाला भिंतीबाहेरच निघत होता. जांभळा, वाफाळता. त्यात बूट पडला असता तर नुसती नाडी वर आली असती.

गुजराती मॅनेजर धापा टाकत आला. "अरे साहेब, फोन तर करायचा ने! गाडी मोकलली असती."

"म्हणूनच नाही केला. या, तुमच्यासमोर सील लावतो."

बाटल्या बोंबलांशेजारी, गळ्यापर्यंत बर्फात. लॅबच्या मांजरीनं आमचं केलं तसं स्वागत मंत्र्याचंही होत नसेल. रिपोर्टमध्ये अ‍ॅसिड निघालं. नोटीस गेली, नाला बंद झाला, खाडीत पुन्हा जाळी पडली.

आणि मला मेमो! 'मासळी वाहनाचा अनधिकृत वापर.'

"अहो, रिवाज मोडलात," साहेब कळवळले.

"मासे जगले ना, साहेब?"

मुख्यालयानं मात्र गाडीचा प्रश्न कायमचा सोडवला. ठेवीला हात न लावता. त्याच कंपनीनं आम्हाला नवीकोरी गाडी भेट दिली. दारावर कंपनीचं नाव, आत कंपनीचा ड्रायव्हर. साहेबांनी स्वतः नारळ फोडला.

मी अजून टेम्पोनंच जातो. नमुना बर्फात ठेवावा, आणि आपण येतोय ही बातमी त्याहून गार जागी.