पाटीवरची दुसरी ओळ

इतक्या वर्षांत खून पाहिले, दरोडे पाहिले, बरेचसे विसरूनही गेलो. पण पत्र्याची एक पाटी अजून माझी पाठ सोडत नाही. तसं पाहिलं तर त्या प्रकरणात खून नव्हता की चोरी नव्हती. ठाण्याच्या दप्तरात ते 'अकस्मात मृत्यू' एवढ्याच नावाने पडून असेल.

फाळणीला दोन-चार वर्षं झाली होती. मी नवा फौजदार, आणि नेमणूक उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात. लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये गोणपाटाचे पडदे लावून सिंधी कुटुंबं राहत. कॅम्प नंबर तीनपासून अंबरनाथमार्गे बदलापूरला एका खासगी मालकाची प्रवासी मोटार जायची. या मोटारीच्या मागे कुणी तरी चक्रम लागला होता. एका सकाळी तिच्या तोंडावर निळ्या रंगाच्या झुबकेदार मिशा उगवल्या. चार दिवसांनी दिव्यांना भुवया आल्या. मालक तणतणत तक्रार घेऊन आला तेव्हा मिशा बघून मलाच हसू फुटलं. अदखलपात्र म्हणून नोंद केली आणि विषय सोडून दिला.

श्रावणात बदलापूरजवळच्या मांजर्लीहून पोलीस पाटलाची वर्दी आली. उल्हास नदीच्या पुरात वाहून आलेलं एका म्हाताऱ्याचं प्रेत बाभळीत अडकलं होतं. पंचनामा मीच केला. धुतलेला सदरा, नीट कातरलेली दाढी, खिशात लगदा झालेलं मोटारीचं तिकीट. तो कॅम्पातला होता. दोन दिवसांपूर्वी त्याच्या सुनेने तो हरवल्याची नोंद दिली होती. मुलगा कॅम्पात आल्या वर्षीच तापाने गेला होता. मागे उरले होते हा सासरा आणि ती विधवा सून.

ठाण्यासमोरचा चहावाला माझा खबऱ्या. त्याने कप पुढे करता करता खबर दिली, "साहेब, बहू ने बुड्ढे को भूखा मारा. घर से निकाल दिया. जाके नदी में कूदा."

बराकीत विचारलं, तर दहा तोंडांतून हेच निघालं. आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा समोर दिसू लागला. मी सुनेला ठाण्यात आणवलं आणि हजेरीपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. असं दोन दिवस चाललं. दरडावलं, समजावलं, तुरुंगाची भीती घातली. पंचविशीची बाई, डोक्यावरचा पदर हलू देईना.

"म्हातारा उपाशी होता की नाही?"

"तीन दिन से रोटी नहीं खाई थी, साईं."

"का?"

ती गप्प. शेवटी म्हणाली, "मेरी गलती है. लिख लो."

माझा तेव्हा एक ठाम समज होता. निरपराध माणूस ओरडतो, शपथा घेतो; गप्प बसतो त्याच्या मनात पाप असतं. ही तर कबूलच करत होती. दोषारोपाचे कागद मी जवळजवळ तयार केले होते.

तिकिटाचा तपास राहिला होता, तो केवळ रकाना भरायचा म्हणून केला. मोटारीचा कंडक्टर बदलापूरचाच. त्याला म्हातारा चांगला लक्षात होता.

"साहेब, लई खुशीत व्हता म्हातारा. गाडीच्या पाटीवर हात फिरवून डोल्याला लावला. मना वाटला, देव मानतो गाडीला. पुढच्या शिटावर बसला, सगल्यांशी बोलत व्हता. आमाला काय कलतंय त्यांचं बोलनं!"

जीव द्यायला निघालेला माणूस पुढच्या शिटावर बसून गप्पा मारत नाही. मी मोटार पाहायला गेलो. पाटीवर 'बदलापूर' लिहिलेलं. त्याच्या खाली सिंधी लिपीत, निळ्या रंगात आणखी एक ओळ.

"ते मालकानं लिवून घेतलंय, कॅम्पवाल्यांसाठी," कंडक्टर म्हणाला. मालक म्हणाला, "मी नाही. मला वाटलं, सरकारी हुकूम असेल."

रेशन कचेरीतल्या सिंधी कारकुनाला आणून पाटी वाचायला लावली. तो आधी इकडेतिकडे बघू लागला. मग खाली मान घालून म्हणाला, "लाडकाणा, साहेब."

सिंधमधलं लाडकाणा. सुनेच्या नोंदीत असलेलं म्हाताऱ्याचं गाव! ही पाटी आठ दिवस माझ्या ठाण्यावरून जात होती आणि मी दारात उभा राहून चहा पीत होतो.

मिशांचा निळा आणि ओळीचा निळा एकच. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर तासाभरात सापडला. मारावं लागलं नाही.

"पूरा कॅम्प हंसता था, साईं. लोग कहते, चलो भाई, लाडकाणे की गाडी आई! बस, इतनी ही बात थी."

"म्हातारा गेल्यावर का नाही बोललास?"

"पाटी पुसायला गेलो तर..." तो मोडक्या मराठीत म्हणाला, "सब बोले, चुप रह, पोलीस पकडेल."

म्हणजे जी बराक रोज ती पाटी वाचून हसत होती, तीच सुनेकडे बोट दाखवत होती. मला त्यांचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. मांजर्लीच्या एका शेतकऱ्याच्या जबानीने उरलेला तपास संपला. म्हातारा हातवारे करून पाणी कुठे आहे, असं विचारत होता. लाडकाण्याच्या कालव्याकाठी त्याचं घर होतं. शेतकऱ्याने भल्या मनाने नदी दाखवली, आणि आपला कालवा समजून म्हातारा पुराकडे चालत गेला.

पेंटरला किरकोळ दंड झाला. त्याहून मोठं कलम मला सापडलं नाही. सुनेवरचे कागद मी फाडले आणि तिला सांगायला स्वतः बराकीत गेलो. सुटकेची बातमी आपण नेतोय, असं मला वाटत होतं.

"बाई, तुमच्यावर आता काही नाही. म्हातारबाबा ती पाटी वाचून गेले."

तिने पदराने तोंड दाबलं.

"बाबा तो बाहर जाते ही नहीं थे, साईं. पाटी मैंने पढ़ी. हंसते हंसते घर आई. सोचा, बाबा को हंसाऊँ, तो दो कौर खाएँगे. मैंने कहा, बाबा, लाडकाणे की मोटर शुरू हुई है. वो हंसे. तीन दिन बाद रोटी भी खाई. मैं समझी, मज़ाक समझ गए."

गप्प बसलेल्या माणसाला त्यानंतर नोकरीभर मी गुन्हेगार मानलं नाही, एवढंच शिकलो. पण त्या दिवशी मी दारातून वळताना तिने विचारलं,

"साईं, वो कागज़ आपने फाड़ा क्यों?"