गडग्यावरचा पंचा

दादाने परवा माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली काढला. भंगारवाला दारात उभा होता. दादा आता बोटीवरची नोकरी संपवून कायमचा घरी आलाय, पावसची बाग बघतो, आणि मोकळा वेळ मिळाला की घरातल्या अडगळीच्या मागे लागतो. "हे धूड कशाला ठेवलंयत अजून?" म्हणाला. मी माहेरी चार दिवस आले होते, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं होतं. पण त्या धुडाने मला जितकं रडवलंय तितकं सासरच्या माणसांनीही रडवलेलं नाही.

तो कॉम्प्युटर दादानेच कुणाकडून तरी जुना घेऊन मुंबईहून पाठवला होता. डॉसवर चालणारा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. सोबत लाल दिवे लुकलुकणारा मोडेम आणि दोन फ्लॉप्या. त्याच्या कंपनीने एक सोय केली होती. घरच्यांनी फोनच्या लाइनवरून मुंबईच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला निरोप टाकायचा, तिथून तो उपग्रहावरून बोटीवर जायचा. मी तेव्हा गावात कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवत होते, म्हणून काम माझ्यावर आलं.

मला त्या निरोपांचं अप्रूप एकाच कारणासाठी होतं. बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. बागेत स्वतःला गाडून घ्यायचं नाही, असं बाबांच्या तोंडावर सांगून दादा बोटीवर गेला होता. त्यानंतर कुठल्याही बंदरातून त्याचा फोन आला की बाबा उठायचे आणि बंबात लाकडं घालायला परसात जायचे. पाणी उकळत असलं तरी. मला वाटायचं, तोंडाने जमत नाही ते बोटांनी जमेल. बाबांची अख्खी नोकरी कचेरीत टाइपरायटर बडवण्यात गेली होती.

ते सॉफ्टवेअर बसवताना मी मेटाकुटीला आले. फ्लॉपी घातली की प्रश्न सुरू. मोडेम कुठल्या पोर्टवर? मी पहिला सांगितला, तर तिथे आधीच माउस बसलेला, दोघांचं भांडण जुंपलं. माउस काढला. मग मोडेम डायल करायला लागला, पण लाइन ढिम्म. आमचं एक्स्चेंज जुन्या पद्धतीचं, त्याला बटणांचे सूर कळायचे नाहीत, तबकडी फिरवल्यासारखी टकटक लागायची. डायलच्या आज्ञेत एक अक्षर बदलायचं होतं, ते कळायला माझे कित्येक दिवस गेले. शेवटी एका दुपारी मोडेम किंचाळला, खरखरला, आणि शांत झाला. पडद्यावर मुंबईच्या ऑफिसचं स्वागत उमटलं. आई देवापुढे साखर ठेवून आली.

आमचा फोन मात्र एकट्या आमचा नव्हता. आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे काकांचं घर, आणि एकाच लाइनवर दोन्ही घरांत दोन फोन. कोणी बोलत असताना दुसऱ्याने उचलू नये म्हणून आईने पद्धत पाडली होती: फोनला हात लावण्याआधी गडग्यावर पंचा टाकायचा. काकू खिडकीतून पंचा बघायची आणि थांबायची. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नाही.

गणपती जवळ आले होते. दादा त्याही वर्षी येणार नव्हता. एका दुपारी बाबा आपणहून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"इथे लिहिलेलं मागे राहतं काय गो?"

"ठेवलं तर राहतं. फाइल करता येते."

"नको. ठेवायचंय काय त्यात."

मी नोंद ठेवण्याची सोय बंद केली. आईने पंचा टाकला. लाइन लागली आणि बाबा खुर्चीत बसले. मी मान वळवली. वडीलधाऱ्यांचं लिहिणं खांद्यावरून वाचायचं नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं.

मी फक्त आवाज ऐकला. आधी एकेक बटण, मग दहाही बोटं. ओळ संपली की ते एंटर असं दाबायचे, जणू टाइपरायटरचा दांडा ढकलताहेत. मध्येच थांबायचे, घसा खाकरायचे, पुन्हा सुरू. मला इतकं बरं वाटत होतं की मी श्वासही जपून घेत होते.

तेवढ्यात सर आली. गणपतीच्या दिवसांतली, ऊन असतानाच येणारी. आई धावली. दोरीवरचे कपडे, गडग्यावरचे कपडे, सगळं छातीशी धरून ती आत आली. त्यात पंचाही आला.

मोडेमचा दिवा विझला. मी वळले तर पडदा वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेला, शेवटच्या ओळीत कसलीशी वेडीवाकडी चिन्हं, आणि खाली 'नो कॅरिअर', म्हणजे लाइन तुटली. निरोप पुरा करून पाठवल्याशिवाय मुंबईला काहीच पोचत नसे. मी वाचायच्या आत बाबांनी लाल बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला.

काकू गडग्याशी आली. "अगो, फोनात काय किंचाळत होतं? मी दोनदा रिसीव्हर आपटला, तरी गप होईना." मग तिला आमचे चेहरे दिसले. आई हातातल्या पंच्याकडे बघत उभी होती.

"राहू दे," बाबा म्हणाले. "परत लिहून ते तसं यायचं नाही."

पुन्हा ते त्या खुर्चीत बसले नाहीत. आई मात्र त्या दिवसापासून गडग्यावर कपडे कधी वाळत घालीना. गणपतीत दादाचा फोन आला तेव्हा बाबा परसात गेले नाहीत. त्यांनी फोन उचलला, "लाइन नीट आहे ना?" एवढं विचारलं आणि आईच्या हातात दिला. पुढच्या वर्षी बाबा गेले. दादा तेव्हाही बोटीवरच होता.

परवा भंगारवाल्याने वजनकाटा लावला तेव्हा दादा हसत म्हणाला, "बाबा शेवटी बोलले माझ्याशी. लाइन नीट आहे ना, म्हणाले. एवढंच, पण बोलले." हे तो आल्या-गेल्या सगळ्यांना सांगतो. आई होती तोवर तिच्यासमोर मला तोंड उघडवत नव्हतं. आता आई नाही. मी त्याला सगळं सांगितलं.

तो त्या धुडासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "काय लिहिलं होतं?"

"मी मान वळवली होती रे."

त्यालाही त्याच घरात वाढवलेलं, म्हणून त्याने मला दोष दिला नाही. पण मला फार वाईट वाटलं. एकदा, एकदाच मी वाईट वळणाची मुलगी असायला हवं होतं.

"किती लिहिलं होतं?"

मी पडद्याच्या काचेवर बोट टेकवून, वरच्या कडेपासून खालपर्यंत ओढून दाखवलं. धुळीत रेघ उमटली. दादाने भंगारवाल्याला जायला सांगितलं.