लेकाने दिलेला धक्का

कंडक्टरबाईंची डेपोत एकाच गोष्टीसाठी ख्याती होती: चालत्या बसमध्ये त्यांनी कधी दांडा धरला नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की प्रवासी एकमेकांच्या अंगावर कोसळत आणि बाई गुडघे जरा सैल सोडून निवांत तिकीट फाडत. सगळे त्यांना 'खांब' म्हणत.

निवृत्तीनंतर त्या खांबाला एका तापाने हलवलं. ताप उतरला, पण जाता जाता दोन्ही कानांच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र कायमचं अधू करून गेला. ऐकू नीट यायचं. मान वळवली की मात्र भिंती डुलायच्या, आणि अंधारात पायाखाली जमीन आहे की नाही तेच कळेनासं व्हायचं. एका सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या आणि मनगट मोडून घेतलं. लेथवर काम करणारा त्यांचा एकुलता एक लेक तेव्हा दोन हातांच्या अंतरावर दाढी करत होता. धावला, पण उशीर झाला.

त्यानंतर तो आईला डोळ्यात तेल घालून जपू लागला. उठताना धरी, बसताना धरी. बाईही भिंतीला चिकटून, श्वास रोखून, पाय घासत चालू लागल्या. बाहेरचं जग खिडकीपुरतं उरलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईने हे चालणं पाहिलं. तिने कंडक्टरबाईंच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, मागून घट्ट धरला आणि चालता चालता त्यांना एकदम बाजूला ढकललं. कंडक्टरबाई पट्ट्यात लोंबकळल्या. लेकाचं डोकं सणकलं. तिने त्याला शांतपणे समजावलं की सरळ चालणारा माणूसही दर पावलाला थोडा पडतच असतो, पुढचं पाऊल त्याला झेलतं. धक्का बसला की पाय झटकन त्या बाजूला पडायला हवा. अंग ताठ धरलं तर पाय उचललाच जात नाही. कानातला तोल गेला, आता ते काम डोळ्यांना आणि तळपायांना शिकवायचं. घरीही पट्टा बांधून रोज हेच करायचं, आणि धक्का न सांगता द्यायचा.

लेकाला ते जमेना. लोखंड कापणारे हात आईच्या खांद्याजवळ जाऊन लुळे पडायचे.

"मला फुंकर नकोय," बाई एकदा वैतागून म्हणाल्या. "धक्का दे."

"माझ्या हातून पडलीस तर?"

"पट्टा आहे, तू आहेस. रस्त्यात कोण असणार आहे?"

त्याने पट्टा सोडवायला घेतला. मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी होतोच की मी. काय उपयोग झाला?"

बाई खाटेवर टेकल्या. इतके महिने तो हे मनात घेऊन वावरतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "तुझ्या हाताची चूक नव्हती रे," त्या म्हणाल्या. "कुणाचाच हात तेवढा लांब नसतो. म्हणून तर माझे पाय मला परत हवेत."

दुसऱ्या दिवशी त्याने खरा धक्का दिला. बाई भेलकांडल्या, पट्ट्याने वाचल्या. हळूहळू पाय आपणहून बाजूला पडू लागला. कधी एक पाऊल पुरे, कधी तीन-चार वेडीवाकडी पावलं लागत. चाल देखणी राहिली नाही, पण भिंत सुटली.

मग त्यांचा जुना ड्रायव्हर गेल्याची बातमी आली. अर्धं आयुष्य ज्याच्या ब्रेकवर त्या उभ्या राहिल्या, त्याला शेवटचं पाहायला जायचंच, असं त्यांनी ठरवलं. त्याच्या अंगणात डेपोची सारी माणसं दाटली होती. वाट करून देताना कुणाचं तरी कोपर त्यांना जोरात लागलं. बाई तिरप्या झाल्या, हात हवेत फेकले गेले, उजवा पाय लांब बाजूला पडला, मागोमाग डावा. त्या उभ्या राहिल्या. लेक मागेच होता. त्याचे हात पुढे आले होते, ते त्याने आवरले.

ड्रायव्हरच्या बायकोने त्यांना पाहून जागा केली. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या.

परतताना बाई पार थकल्या होत्या. फाटकापाशी थांबून त्यांनी आपणहून लेकाचा दंड धरला, आणि दोघं सावकाश घरी आले.